पान सतरा

परवा चौलला लग्नाच्या पंगतीत श्रीखंड आलं आणि शेजारून आवाज आला, "मला नको. पान सतरा!" वाढपी गोंधळला. सतरावं पान कुठलं म्हणून ओळीत मोजायला लागला.

हे नागावचे नाना. तुमच्याकडेही असतील, नाव निराळं असेल. मुलाने न्यू जर्सीहून पैसे भरले आणि घरी जनुक-चाचणीची नळी आली. आयुष्यभर सुपारी चघळून वाडीत फुकट थुंकलेला माणूस नळीत रेघेपर्यंत मापून थुंकला. त्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं. त्या अर्ध्या तासाचं वर्णन नाना बाळंतपणासारखं करतात. मग बेचाळीस पानी रिपोर्ट आला आणि सत्तर वर्षं रतिबाचं दूध प्यायलेल्या नानांना कळलं की आपल्याला दूध पचत नाही. पान सतरा.

चहा पुढे केला की "माझा सीवायपी-वन-ए-टू मंद आहे" असं कुलदैवताचं नाव घ्यावं तसं सांगतात (हे जनुक कॅफीनचा निकाल लावणारं एन्झाइम बनवतं, एवढं खरं) आणि बशीत ओतून सगळा पितात. एकदा म्हटलं, "नाना, चक्का टांगला की पाण्याबरोबर बरंचसं लॅक्टोज निथळून जातं. खा श्रीखंड." तर म्हणे, "रिपोर्टात तसं नाही." स्टॅनफर्डच्या अभ्यासाचंही सांगून पाहिलं. ६०९ माणसं, वर्षभर, कुणाला कमी स्निग्ध तर कुणाला कमी पिष्ट आहार. २०१८मध्ये निकाल लागला : जनुकांशी जुळणारं खाल्लं म्हणून कुणाचं वजन जास्त उतरलं नाही. नाना शांतपणे अडकित्ता चालवत होते. श्रीवर्धनी रोठा.

"आणि सुपारीचं काय?"

"रिपोर्टात सुपारी नाहीच!"

चिडून उठणार, तोच फोन वाजला. रविवार सकाळ, म्हणजे मुलगा. पूर्वी हे बोलणं 'जेवलास का, पाऊस आहे का' एवढ्यावर दोन मिनिटांत आटपायचं. नानी गेल्यावर तर एका मिनिटात. आता नानांनी चष्मा चढवला, रिपोर्ट मांडीवर घेतला. "अरे, तुझ्यात अर्धी जनुकं माझीच आहेत. लिहून घे. पान सतरा..."

मी वाडीत एक फेरी मारून आलो, विहिरीवर हातपाय धुतले, तरी नाना एकोणिसाव्या पानावरच होते.

तेव्हा नानांकडे जाणार असाल तर पेढे नेऊ नका. आणि रविवारी सकाळी मुळीच जाऊ नका.