तात्याला सावंतवाडी मानवेल का?

अहो वहिनी, या ना जरा कुंपणापाशी. कुकरचं सोडा, शिट्ट्या इथूनही ऐकू येतात. मला एक सांगा, तुम्ही तात्या आणि बायजाला घेऊन सावंतवाडीला निघालाय हे खरं का? दूधवाला सांगत होता. महिनाभर रतीब बंद म्हणाला, आणि वर म्हणाला, पोपटाचा पिंजरापण चाललाय गाडीतून. पोपट म्हणे! मी म्हटलं, बाबा रे, तात्या-बायजा कॉकाटील आहेत. चारचौघांत पोपट-पोपट करू नकोस, उद्या कोणीतरी वनखात्याला फोन लावेल.

हसताय काय? मागच्या गल्लीतल्या त्या निवृत्त बँकवाल्यांचं कळलं नाही का तुम्हाला? त्यांच्याकडे लाल कंठाचा राघू होता. गावाला नेताना पेट्रोलपंपावर कुणा पोराने मोबाइलवर पिंजऱ्याचा फोटो काढला, आणि यांची झोप उडाली ती आठवडाभर. कायदाच आहे ना, 1972 पासूनचा, वन्यजीवांचा. आपल्याकडचा कुठलाही देशी पोपट पाळता येत नाही, मुनियासुद्धा नाही. तरी ज्याच्या त्याच्या ओटीवर राघू टांगलेला असतोच, ती गोष्ट वेगळी. तुमची जोडी मूळची ऑस्ट्रेलियाची, तिला ते कलम नाही. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असता, तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागली असती. कॉकाटील आणि बजी त्या यादीत नाहीत. पण दुकानाची पावती ठेवा हो पाकिटात. कोगनोळीला हद्द ओलांडून निपाणीकडे वळणार तुम्ही, थोडा वेळ का होईना कर्नाटकात असणार. तिथल्या हवालदाराला तात्याचं कूळ कुठल्या भाषेत समजावून सांगणार भाऊजी?

काय म्हणता? सासूबाई बसने जाऊ म्हणतात? अगं बाई! मग ती 2024 ची बातमी वाचून दाखवा त्यांना. बंगळुरूहून म्हैसूरला एक आजी आणि नात सरकारी बसने निघाल्या होत्या. तिकडे बायकांना प्रवास फुकट, म्हणून दोघींचं तिकीट शून्य. सोबत पिंजऱ्यात चार लव्हबर्ड. कंडक्टरने चौघांचं 111 प्रमाणे 444 रुपयांचं तिकीट हातात ठेवलं! मला तर तो कंडक्टर आवडला. निदान त्याने पक्ष्यांना प्रवासी मानलं. आपले लोक सामान मानतात, तिथेच सगळा घोळ होतो.

खोटं नाही सांगत. सुनेच्या माहेरच्यांनी काय केलं ऐका. बजींचा पिंजरा, आणि तो कुठे ठेवावा? डिकीत! बॅगांच्या वर, म्हणजे सीट घाण होणार नाही. नशीब, टोलनाक्यावर धाकट्या नातीला आठवण झाली. पिंजरा काढला तर चोची उघड्या, पंख अंगापासून लांब धरलेले, धापा टाकतायत. पक्ष्याला घाम येत नाही हो. तोंडाने धापा टाकून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढीच. चोच उघडी आणि पंख फाकलेले दिसले की तो गरमीने बेजार झालाय, हे भाऊजींच्या मनावर ठसवून ठेवा. मग सावलीत घ्यायचं, साध्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा. गार पाणी ओतायचं नाही, आणि एसीचं तोंडही त्याच्यावर वळवायचं नाही.

मे महिना आहे. सातारा ते कोल्हापूर दुपारी काय भाजतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बाहेर पस्तीस असलं, तर बंद गाडी दहा मिनिटांत पंचेचाळिसाच्या घरात जाते. म्हणजे झालं काय, तुम्ही मिसळ खायला उतरलात, तर्री घातली, जादा पाव मागवला, तेवढ्यात इकडे खेळ खलास. म्हणून मी म्हणते, उतरायचं तर पाळीपाळीने. एकाने पिंजऱ्याजवळ बसायचंच. भाऊजींना हे पचणार नाही, मला माहीत आहे. त्यांना हॉटेलात सगळे एका टेबलाला लागतात.

निघा पहाटे चारला. पिंजऱ्यावर चादर असेल, त्यांच्या लेखी अजून रात्रच. कात्रज, खंबाटकी सगळं झोपेत जाईल. उजाडता उजाडता साताऱ्याच्या आसपास असाल, तेव्हा चादर एका बाजूने वर करा. एकाच बाजूने बरं का. चारी बाजूंनी झाडं आणि ट्रक पळताना दिसले की ते बावरतात. उन्हं चढायच्या आत कोल्हापूर मागे पडलं, की पुढे निपाणी, आजरा आणि मग आंबोलीचा गारवा. एकूण पावणेचारशे-चारशे किलोमीटर, जेवायला सावंतवाडीत.

आणि पिंजरा कुठला नेताय? तो मोठा? छे! त्यात झोका आहे, घंटा आहे, आरसा आहे. खंबाटकीच्या वळणावर तो झोका तात्याच्या डोक्यात बसायचा. लहान पिंजरा घ्या, आत एकच लाकडी दांडी, तीही खाली, तळापासून वीतभर. पडलाच तर उंचावरून पडायला नको. तळाला वर्तमानपत्र. पाण्याची वाटी नको, पहिल्या गतिरोधकालाच सगळं सांडतं आणि ओल्या कागदावर दोघं गारठून बसतात. काकडीच्या चकत्या अडकवा, सफरचंदाची फोड, कोवळं मक्याचं कणीस. पाणी थांब्यावर पाजा, आणि ते घरचंच न्या बाटलीत. दाराला कपड्यांचा चिमटा लावा. तात्याला कडी उघडता येते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. पिंजरा मागच्या सीटवर, पट्टा बांधून. पुढे नको, एअरबॅग उघडली तर पिंजऱ्यासकट चिरडेल. आणि आजपासूनच तो लहान पिंजरा घरात ठेवा, खाऊ त्यातच घाला. दोनदा-तीनदा कात्रजपर्यंत फिरवून आणा. काही पक्ष्यांना गाडी लागते, उलटी करतात. ते घाटात कळण्यापेक्षा कात्रजला कळलेलं बरं.

तात्याला कसं वाटतंय ते विचारायला नको, तुऱ्याकडे बघायचं. तुरा मागे चापून बसवलेला आणि तोंडाने फिस्स करतोय, म्हणजे घाबरलाय किंवा चिडलाय. ताठ उभा, म्हणजे कशाने तरी दचकलाय. अर्धवट सैल, म्हणजे स्वारी खुशीत. माणसांना असा तुरा असता ना वहिनी, तर निम्म्या सासवा-सुनांची भांडणं वाचली असती. बरं, हे आत सांगू नका.

आता खरी गोष्ट. गाडीत ती पिवळी बाटली लोंबते ना आरशाला, वासाची? ती काढा. आज काढा, निघताना नव्हे. भाऊजींचा सेंटही त्या दिवशी बंद. डांबरगोळ्या ठेवल्या असतील कुठे कप्प्यात तर त्याही काढा. मी उगीच सोवळं सांगत नाहीये. पक्ष्याची छाती आपल्यासारखी नसते. फुप्फुसं असतातच, शिवाय अंगभर हवेच्या पिशव्या, बहुतेकांना नऊ. श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून जाते. म्हणून तर उडायला दम पुरतो त्यांना, आणि म्हणूनच विषारी काही असलं की तेही आपल्या आधी भिनतं. विलायतेत कोळशाच्या खाणीत कॅनरी न्यायचे ना, 1986 पर्यंत? ते गाणं ऐकायला नव्हतं. विषारी वायू असला की आधी ती कोसळायची आणि माणसं बाहेर पळायची. तुमच्या गाडीत नव्वद-शंभर ग्रॅमचा जीव आठ तास कोंडलेला असणार. त्याच्यापुढे तो लॅव्हेंडर की फॅव्हेंडर कशाला?

तिकडे पोचल्यावरही तेच. सावंतवाडीच्या घरात जाऊबाईंनी नवा नॉनस्टिक तवा घेतलाय ना? तुम्हीच सांगत होतात मागे, कौतुकाने. तो तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो, तो आपल्याला वाससुद्धा न येता पक्ष्याला मारतो. स्वयंपाकघरापासून लांब ठेवा पिंजरा, आणि जाऊबाईंना सांगा लोखंडी बिडावर घावन जास्त चांगले होतात. ते खरंही आहे. कापूर, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, चुलीचा धूर, सगळ्यांपासून लांब.

पडवीत टांगू नका रात्री. कोकणातलं घर आहे, मांजर येईल, मुंगूस येईल, साप तर पिंजऱ्याच्या गजांतून सरळ आत शिरतो. माजघरात घ्या, बारीक दिवा राहू द्या. कॉकाटील अंधारात एकदम दचकतात आणि पिंजऱ्यात धडपडतात, नव्या जागी तर हमखास. एखादं कोवळं पीस मोडलं तर रक्त येतं. कॉर्नफ्लॉवरची डबी जवळ असू द्या, ते दाबून धरलं की थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टर. आणि मागच्या परसातल्या कोंबड्यांपासून दूर. मानमोडी त्यांच्याकडून यांच्याकडे यायला वेळ लागत नाही. निघण्याआधी बर्ड फ्लूची बातमीही बघा एकदा. 2006 मध्ये नवापूरला आला होता, 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात. असं काही झालं की त्या पट्ट्यात पक्ष्यांची ने-आण बंदच होते, मग तुमची पावती कोण विचारतो?

पोरं त्याला बाहेर काढतील, तेव्हा छताचा पंखा बंद. आणि वेफर, चिवडा, चहात बुडवलेली खारी देऊ नका म्हणावं. चॉकलेट आणि ते अवोकाडो तर अजिबात नाही. तुमची पुतणी मुंबईची आहे, टोस्टवर लावून खाते ना ती?

हो, आंबोली राहिलीच. घाटात थांबून कणीस खायचा मोह होतो. तिथे माकडं आहेत, खिडकीतून हात घालतात. खाली काच केली, आणि पिंजऱ्यात मक्याचं कणीस, म्हणजे आमंत्रणच. पिंजऱ्याचं दार गाडीत उघडायचं झालं, तर चारी काचा वर आहेत हे दोघांनी पाहून मगच. वरच्या मजल्यावरची ती मुलगी आहे ना, खांद्यावर पक्षी घेऊन स्कूटरवर फिरते आणि त्याला लंगोट घालते? तिचं ऐकू नका. म्हणते, तो माझ्यावर प्रेम करतो, उडून जायचा नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की प्रेमबिम काही नाही, तो आधी उडतो. मग खंबाटकीच्या डोंगरात तात्या-तात्या करत फिरा.

झाल्या ना तीन शिट्ट्या? जा, बंद करून या. नाही, मी आहे इथेच.

आलात? हां, तर महिनाभर राहणार म्हणजे मोठा पिंजराही मागून टेम्पोने वगैरे... काय? कोण राहणार? फक्त सासूबाई? आणि तुम्ही दोघं तिकडचं लग्न उरकून चार दिवसांत परत? अहो, मग तो दूधवाला महिनाभर रतीब बंद म्हणाला तो? अच्छा, दूध त्यांच्यासाठीच येतं. अहो, मग आधी नाही का सांगायचं! घसा कोरडा केलात माझा.

चार दिवसांसाठी नेऊ नका, वहिनी. स्पष्ट सांगते. एक दिवस जाण्यात, एक दिवस येण्यात, आणि नव्या जागेला पक्षी रुळायलाच तीन-चार दिवस लागतात. रुळला की उचलून परत गाडीत. लग्नघर, त्यात सनई, फटाके, पन्नास माणसं, प्रत्येकाला तात्याची शिट्टी ऐकायची. कोणाच्या हौसेसाठी हे? मुलांना बरं वाटावं म्हणून? मुलं तिकडे पोचल्यावर आंब्याच्या झाडाखाली गेली, की तात्याला ढुंकून विचारणार नाहीत. महिनाभर राहणार असतात, तर मी म्हटलं असतं न्या, मागे सांगितलं तसं न्या. चार दिवसांना नाही.

माझ्याकडे ठेवा. आमच्याकडे मांजर नाही, तवा बिडाचा आहे, आणि आमचे हे सकाळी कापूर लावतात तो चार दिवस अंगणात लावतील, बोलेन मी त्यांच्याशी. पिंजरा मोठा आणा, झोक्यासकट. आदल्या दिवशी दुपारीच आणा, म्हणजे तुम्ही समोर असतानाच त्यांना माझा आवाज कळेल. राळे आणि बाजरी भरपूर ठेवा, सूर्यफुलाच्या बिया थोड्याच, आणि तुमच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर लिहून पिंजऱ्याला बांधा.