खोडरबर सर

विट्यातल्या एका कॉलेजात (कोणत्या ते विचारू नका, नाहीतर हा लेखही तपासणीला जाईल) स्नेहसंमेलन जवळ आलं की आधी एक लाल बॉलपेन येतं आणि त्याच्यामागून मराठीचे सर येतात. पोरांनी त्यांचं नाव 'खोडरबर' ठेवलंय.

फिशपाँड, भित्तिपत्रक, एकांकिका, वार्षिकांकातल्या चारोळ्या, सगळं सरांच्या हाताखालून जातं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. प्राचार्यांनी नाही, संस्थेनं नाही, पोलिसांनी तर नाहीच. पण सरांना वरून एक फोन येणार आहे. नोकरीला लागल्यापासून तो येणारच आहे.

"आला का कधी, सर?"

"मी काटतो म्हणून येत नाही."

या तर्काला विट्यात अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

यंत्रमागाच्या लाइटबिलावरचा विनोद गेला, कारण मागवाले देणगी देतात. परप्रांतात सोनं-चांदी गाळून मोठ्या गाडीनं गावी आलेला गलाईवाला गेला, कारण मंडप त्यांच्याकडून. टेंभू योजनेचं पाणी तर नावालाही नको. त्याच्या श्रेयाला इतके वाटेकरी आहेत की स्तुती केली तरी कोणीतरी दुखावणारच. उरतो पाऊस, उरते आई आणि मोबाइलचे दुष्परिणाम.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतीवरचं नाटक उधळलं गेलं आणि वर विद्यार्थ्यांनाच विभागप्रमुखांसह अटक झाली. ते कात्रण सर पाकिटात बाळगतात. "विभागप्रमुख!" ते दबक्या आवाजात म्हणतात. "रंगमंचावर नव्हते हो ते!" त्यानंतरच्या एकांकिकेत दोन म्हातारे पारावर भेटून 'राम राम' म्हणत होते. सरांनी 'नमस्कार' केलं. आमच्या भागातले म्हातारे एकमेकांना नमस्कार म्हणायला लागले की प्रेक्षकांना वाटतं, यांच्यात भांडण झालंय.

कुणी 'सखाराम बाइंडर'चा दाखला दिला, की तेंडुलकरांच्या त्या नाटकासाठी माणसं सेन्सॉरविरुद्ध हायकोर्टात गेली आणि जिंकली, तर सरांचं उत्तर तयार असतं: "त्यांना हायकोर्ट होतं. मला स्टाफ मीटिंग आहे."

पोरंही तयार झालीत. पहिल्याच पानावर एक झणझणीत शिवी पेरून ठेवतात. सर ती काटतात, समाधान पावतात आणि मागचं बरंचसं सुटतं. तरीही एक कबूल केलं पाहिजे, वार्षिकांक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या कॉलेजात हा एकच. ऱ्हस्वदीर्घही तेच सुधारतात.

वर्गात मात्र सर निराळेच. दुर्गा भागवत शिकवताना आवाज चढतो. १९७५चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन, ऐन आणीबाणी, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि कैदेतून सुटलेल्या, आजारी जयप्रकाशांसाठी अध्यक्ष दुर्गाबाई सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगतात! "कऱ्हाड इथून किती लांब आहे रे?" सर गरजतात. "तासाभराची एसटी!"

त्या तासानं भारावून एका मुलीनं वार्षिकांकासाठी लेख दिला. सरांनी तो कौतुकानं वाचला. 'आणीबाणी'च्या जागी 'तत्कालीन वातावरण' आलं. मंत्री गेले. जयप्रकाशही गेले. वाक्य उरलं: 'तत्कालीन वातावरणात दुर्गाबाईंनी प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली.'

"सर, पण कुणाच्या प्रकृतीसाठी ते ऱ्हायलं की."

सरांनी थोडा विचार केला आणि लाल शाईनं वर लिहिलं: 'सर्वांच्या.'