अहो, तो कबड्डीवाला उभा राहतोय म्हणे!

अहो, जरा इकडे या ना कुंपणाशी. कपडे नंतर वाळत घाला, ऊन कुठे पळून जात नाही. ऐकलंत का? आपला तो कोपऱ्यावरच्या घरातला कबड्डीवाला निवडणुकीला उभा राहतोय म्हणे! परवा रात्री त्यांच्या दाराशी पांढरी गाडी आली. ती गेली न गेली तोच अर्ध्या तासात दुसरी. दोन वेगळ्या पक्षांच्या! मी काही मुद्दाम बघत नव्हते बरं का. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आले होते. दोनदा ठेवला, एवढंच.

तर काय सांगत होते, काल सात नंबरकडे मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं हळदीकुंकू होतं. तुम्ही आला नाहीत, मोठ्या गमतीला मुकलात. दूध छान आटवलं होतं हो, केशर जरा हात आखडून घातलं होतं, पण ते असो. अजून पोथ्या हातात पडायच्या होत्या तेवढ्यात कुणीतरी त्या मुलाचा विषय काढला. झालं! सात नंबरवाल्या लगेच म्हणाल्या, "जायलाच हवं खेळाडूंनी राजकारणात. आपला सचिन नाही का खासदार झाला?" त्यांच्याकडे सचिन म्हणजे काय, तुम्हाला माहितीच आहे. घट मांडला होता, त्याच्या बरोबर वर सचिनचा फोटो. कुंकवाचं बोट आधी घटाला लावायचं का त्याला, असा प्रश्न पडावा.

तर आपल्या हेडबाई शांतपणे कप खाली ठेवत म्हणाल्या, "झाला खरा २०१२ साली. पण सहा वर्षांतली हजेरी किती? दहा टक्केसुद्धा नाही. माझ्या शाळेत असता तर पालकांना बोलावून घेतलं असतं." अहो, सात नंबरवाल्यांचा चेहरा असा पडला ना! हातातली हळद तशीच. मग मीच मध्ये पडले. म्हटलं, पगार सगळाच्या सगळा पंतप्रधान निधीला दिला त्यानं, दिल्लीत बंगला घेतला नाही, आपल्या धाराशिवकडचं डोंजा गाव दत्तक घेतलं. आणि २०१७ च्या डिसेंबरात बिचारा बोलायला उभा राहिला, मुलांच्या खेळण्याच्या हक्कावर, तर असा गोंधळ घातला सगळ्यांनी की एक शब्द ऐकू येऊ दिला नाही. शेवटी भाषण फेसबुकवर टाकलं. ज्याच्यासाठी अख्खं वानखेडे ओरडायचं, त्याच्यावर असं... जाऊ दे. हेडबाई म्हणतात, "पाच वर्षं आठ महिने गप्प बसल्यावर पहिल्याच दिवशी माइक मिळेल कसा?" त्यांचं बोलणं म्हणजे लाल पेन. आणि खरं सांगू का, मला पटलं ते. सात नंबरसमोर बोलले नाही, एवढंच.

बरं, तो राज्यसभेत नेमलेला, त्याला कुणी मतं मागायला पाठवलं नव्हतं. पण ज्यांना निवडून दिलं त्यांचं काय? गौतम गंभीरचं आठवतंय ना? पूर्व दिल्लीतून २०१९ ला साडेतीन लाखांच्या वर मतांनी निवडून आला. नोव्हेंबरात दिल्लीला श्वास घेता येईना, त्याच प्रदूषणावर संसदेच्या समितीची बैठक, आणि साहेब इंदूरला कॉमेंट्रीला! त्यात लक्ष्मणनं फोटो टाकला, सगळे मिळून पोहे-जिलेबी खातायत. मग काय विचारता, दिल्लीत 'खासदार हरवले आहेत' असे पोस्टर लागले. वर चिडून म्हणतो, माझ्या जिलेबीनं प्रदूषण वाढत असेल तर सोडतो जिलेबी. आमचे हे तर महिनाभर जिलेबी आणली की म्हणायचे, "बैठक नाही ना आज?" २०२४ च्या मार्चमध्ये त्यानं राजकारणातून मोकळं करा म्हणून सांगितलं आणि जुलैत भारतीय संघाचा कोच झाला. बघा, जीव जिथे होता तिथेच गेला शेवटी. मधली पाच वर्षं पूर्व दिल्लीची गेली.

तर काय सांगत होते... हां, चार नंबरची सून! रोहतकची ना ती. एरवी कोपऱ्यात बसून असते, काल मात्र एकदम उसळली. "काकी, सगळे तसे नाहीत. आमच्या पैलवान विनेशला बघा." मराठी आता छान बोलते हो, फक्त चिडली की हरयाणा बाहेर येतो. म्हणाली, "जंतरमंतरवर बसली, रस्त्यावरून फरफटत नेलं पोलिसांनी, त्याच पोरीनं पॅरिसला फायनल गाठली." आणि मग ते शंभर ग्रॅम जास्तीचं वजन. शंभर ग्रॅम म्हणजे किती हो, लोण्याची छोटी वडी! रात्रभर पळाली, केस कापले, तरी काटा तेवढा वरच राहिला.

त्यात आणखी ऐका. पी. टी. उषा तिला भेटायला दवाखान्यात गेल्या, फोटो झाला, सगळीकडे फिरला. विनेशच नंतर म्हणाली की न विचारता काढला. आता उषाबाई म्हणजे खेळाडू किती मोठ्या! लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकलं तेव्हा माझ्या आईनं दोन दिवस हाय घेतली होती. पण राज्यसभेत गेल्या, ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, आणि त्या पोरी रस्त्यावर बसल्या तेव्हा म्हणाल्या, ही बेशिस्त आहे. हेडबाईंनी सुद्धा मान हलवली हे ऐकून. एका पोरीला पोरीचं दुःख कळू नये म्हणजे... खुर्चीचा गुण दुसरं काय.

आणि फोगाटांच्या घरातली गंमत तर सांगायलाच हवी. चुलत बहीण बबिता दुसऱ्या पक्षात! ती २०१९ ला माहेरच्या दादरीतून उभी राहिली, पडली. विनेश उभी राहिली जुलान्यातून, म्हणजे सासरकडून, आणि ६,०१५ मतांनी आली. सून म्हणाली, "काकी, सासरच्यांनी निवडून दिलं." यावर चार नंबरच्या सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पदर नीट केला, केळं सोलायला घेतलं, पण बोलल्या काही नाहीत. काका महावीर मात्र नाराज होते, २०२८ चं ऑलिंपिक खेळायचं सोडून हे काय, म्हणून. पुढे सरकारनं तिला बक्षीस म्हणून विचारलं, रोख चार कोटी, प्लॉट का नोकरी, तर तिनं रोख घेतले. लोकांनी नाकं मुरडली. मी म्हणते, का घेऊ नयेत? पुरुष खेळाडूनं घेतले असते तर कुणी मोजले असते का?

आपल्या शेजारचं तर विचारूच नका. त्या बांगलादेशच्या शाकिबचं! २०२४ च्या जानेवारीत मागुऱ्यातून खासदार झाला, आणि खेळत मात्र राहिलाच. सात महिन्यांत सरकार पडलं तेव्हा हा कॅनडात मॅच खेळत होता. शेवटची कसोटी मीरपूरला, घरच्या लोकांसमोर खेळायची होती हो त्याला. निघाला सुद्धा, दुबईपर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला. ज्या गावानं खांद्यावर घेतलं तिथे पाय ठेवता येईना. आणि इम्रानचं तर बोलायलाच नको, १९९६ साली पक्ष काढला, बावीस वर्षं घासली तेव्हा पंतप्रधान झाला, आणि आता तुरुंगात. आमच्या हिनं, म्हणजे नणंदेनं, ९२ साली वर्ल्डकपच्या वेळी त्याचा फोटो वहीत लपवला होता. सांगू नका कुणाला.

तर काय सांगत होते? हो, आजी! सगळ्यांचा एकच गलका चाललेला, आणि दहा नंबरच्या आजी एकदम म्हणाल्या, "पालवणकर बाळूंचं कुणाला ठाऊक आहे का?" सगळ्या गप्प. सात नंबरवाल्या हळूच विचारतात, हे कुठल्या आयपीएल टीमचे? अगं बाई!

आजींचे सासरे परळला राहायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेलं. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टी झाडणारा, नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकणारा पोरगा, जातीनं चांभार. पुढे हिंदूंच्या संघात घेतलं, कारण त्याच्यावाचून जिंकता येईना. पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ ला इंग्लंडला गेला आणि शंभरावर विकेट काढल्या, ११४. कप्तान मात्र कधी केलं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल झाला, तोही १९२३ साली. आणि मग १९३७ ची निवडणूक. काँग्रेसनं बाळूंना उभं केलं, कुणासमोर? बाबासाहेबांसमोर! बाबासाहेबांना तरुणपणी या माणसाचं केवढं कौतुक होतं, आणि समोरासमोर आणून ठेवले दोघांना. बाळू दोनेक हजार मतांनी पडले.

आजी म्हणाल्या, "ते उभे नाही गं राहिले. त्यांना उभं केलं."

कुणाच्या हातातला पेला हलला नाही. हेडबाई तेवढ्या म्हणाल्या, "असं नका म्हणू आजी. पुणे करारावर सही आहे त्यांची. कळत होतं त्यांना काय करतायत ते." आजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. पण माझ्या डोक्यात ते राहिलं हो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तेव्हा तेच. तो राज्यवर्धन राठोड बघा, अथेन्सला रुपेरी पदक घेतलं, सैन्यातून बाहेर पडून २०१४ ला जयपूर ग्रामीणमधून लढला, क्रीडामंत्री झाला. पुढच्या खेपेला समोर कोण, तर थाळीफेकवाली कृष्णा पुनिया. दोघंही ऑलिंपिकवाले, दोघांनीही गल्लोगल्ली हात जोडले. आवडो न आवडो, उभे राहिले. आणि आपला विनोद कांबळी २००९ ला विक्रोळीतून... तो उभा राहिला का कुणी केला, देव जाणे. पडला एवढं खरं.

माझं विचाराल तर खेळाडूनं यावं. का येऊ नये? वकील येतात, साखर कारखानदार येतात, ज्यांनी आयुष्यात घाम गाळला नाही ते येतात. पण मागच्या दारानं नको, अन् एक पाय मैदानात ठेवून तर नकोच. दारोदार फिरा, शिव्या खा, आणि निवडून आलात की बैठकीला जा. जिलेबी नंतर खा.

अहो, खरी गंमत तर पुढेच आहे! हे सगळं चाललेलं असताना दारात कोण? कबड्डीवाल्याची आई! एकदम शांतता. सात नंबरवाल्या म्हणतात, "या या, केळं घ्या." हेडबाईंना कुठला दम, त्यांनी सरळ विचारलं, "काय हो, मुलाला उभं करतायत म्हणे?"

ती बाई बसली सुद्धा नाही. म्हणाली, "आले होते दोघं. त्यानं दोघांना एकच विचारलं, मागच्या मैदानातल्या गाड्या कधी उठवता? तिथे शिकलाय ना तो. एक म्हणाले, तुझ्या नावानं मोठी स्पर्धा भरवू. दुसरे म्हणाले, तिकीट पक्कं समज. मैदानाचं कुणी काढलंच नाही. म्हणून आज सकाळी जाऊन अपक्षाचा फॉर्म घेऊन आला."

तेव्हा सात नंबरवाल्यांचा चेहरा दुसऱ्यांदा पडला. अहो, कळलं नाही का? त्या मैदानात ज्या चार गाड्या कायम लागलेल्या असतात, त्यांतल्या दोन त्यांच्याच नाहीत का! आणि... म्हणजे राग मानू नका हं, तिसरी तुमची आहे. तुमच्या ह्यांना आत्ताच सांगून ठेवा, आतल्या बाजूला जागा होते नीट.

मी माझ्यापुरतं ठरवलंय, मत त्यालाच. फक्त मतदार यादी तुमच्याकडे आली तर माझं नाव तेवढं बघून ठेवा हो. गेल्या खेपेला मी मतदानाला गेलेच नव्हते, भाच्याचं लग्न होतं ना.