प्रेताला डास चावत नाहीत

आयुष्यात मी एकाच सिनेमात काम केलं आणि त्यात पहिल्या मिनिटापासून मेलेलो होतो. सिनेमा एकवीस मिनिटांचा. त्यातली नऊ मिनिटं मी पडद्यावर आहे, म्हणजे नायकापेक्षा जास्तच. तरी श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे नुसतं 'प्रेत' असं लिहिलंय. आईनं ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

गोष्ट २०११ची. पुणे, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, ऑगस्ट महिना. दिग्दर्शक आमच्याच वर्गातला. लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटची भिंत लागली की तो स्कूटरवरून एक हात सोडून नमस्कार करायचा. कारण आत प्रभातचा जुना स्टुडिओ. मागे बसणाऱ्याचाही जीव त्या नमस्कारात असायचा, पण ते त्याच्या खिजगणतीत नव्हतं. त्याला थरारपट काढायचा होता. नाव ठरलं 'तिसरा जिना'. ते ठरायला तीन आठवडे गेले, पोस्टरला एक रात्र लागली, आणि पटकथेला उरलेला वेळ मिळाला.

एकूण बजेट ११,५०० रुपये. त्यातले ४,००० माझे, शिकवण्या घेऊन साठवलेले. एवढे पैसे घातल्यावर मला काहीतरी भूमिका देणं भाग होतं. आधी गुप्तहेराची देऊन पाहिली. "कोण आहे तिकडे?" हे एकच वाक्य म्हणायचं होतं. मी ते इस्त्रीवाला आलाय का विचारावं तसं म्हटलं. दिग्दर्शकानं पटकथा मिटली आणि म्हणाला, "तुझा चेहरा बोलका आहे, तुला बोलायची गरजच नाही."

पैसे कमी पडले की तो थोरामोठ्यांची उदाहरणं द्यायचा. ख्रिस्तोफर नोलननं पहिला सिनेमा 'फॉलोइंग' सहा हजार डॉलरांच्या आसपास बसवला. सगळे नोकरदार, म्हणून शनिवारी-रविवारी शूटिंग, तेही जवळजवळ वर्षभर. रॉबर्ट रॉड्रिगेझनं 'एल मारियाची'साठी औषधांच्या चाचण्यांना स्वतःचं शरीर दिलं आणि पैसे उभे केले. हे सांगताना त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली," तो म्हणाला. माझ्याकडे पॉलिसी नव्हती. "आणि सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या." हे मात्र त्यानं आत्याकडे पाहून म्हटलं.

आत्यानं विचारलं, "किती पानं?"

आत्या त्याची, वाडाही तिच्याकडचाच. सदाशिव पेठेतला दुमजली वाडा, दिंडी दरवाजा, मधे चौक, कोपऱ्यात पडीक हौद, वर कडीपाट आणि खाली शहाबादी फरशी. पाच बिऱ्हाडं. जिने दोन. तिसरा नव्हताच, तेच तर रहस्य होतं. रिकामा वाडा म्हटलं की अंगावर काटा येतो, असा दिग्दर्शकाचा सिद्धान्त. तो खरा असेलही. पण आमचा वाडा एक मिनिटसुद्धा रिकामा होत नव्हता. खुनी जिन्यावरून पाय न वाजवता उतरतोय आणि त्याच्यामागे कुणीतरी धुण्याची बादली घेऊन "सरका, सरका" करतंय, असे तीन टेक माझ्या डोळ्यांदेखत गेले. डोळ्यांदेखत म्हणजे मिटलेल्या. प्रेताला कान उघडे ठेवायची परवानगी असते.

रात्रीच्या शूटिंगला बिऱ्हाडकरूंनी साफ नकार दिला. मग दिवसाची रात्र करायची ठरली. खिडक्यांना गोधड्या टांगल्या, फटींना काळा कार्डपेपर लावला. एक झरोका मुद्दाम उघडा ठेवला आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बल्बवर टाकला. तसं केलं की उन्हाचा उजेड निळा पडतो आणि चांदण्यासारखा दिसतो. ही युक्ती खरोखर चालते. माझ्या पांढऱ्या शर्टावर तो निळसर पट्टा पडला तेव्हा आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. मंडपवाल्याकडून दोन हॅलोजन आणले होते. उजेड परतवायला थर्मोकोलचे पांढरे तक्ते, तेही गणपतीच्या मखरासाठी आणलेले आणि शूटिंग झालं की जसेच्या तसे परत करायच्या बोलीवर. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नव्हती, तर आत्याच्या गॅस सिलिंडरची चाकांची चकती घेतली. तिच्यावर कॅमेरावाला मांडी घालून बसायचा आणि दुसरा त्याला ढकलायचा. फरशीचा सांधा आला की खडाक. एकूण अकरा सांधे होते, म्हणून थरारक पाठलागात चित्र अकरा वेळा उचकी दिल्यासारखं हलतं.

पहिल्या रविवारी सकाळी मला चौकालगतच्या खोलीत निजवलं. प्रकाश जमला, कोन जमला, तोंडाशी रक्ताचा ओघळ काढायचा एवढंच बाकी. तेवढ्यात आत्या दारात आली.

"पाय कुठल्या दिशेला आहेत त्याचे?"

कुणालाच माहीत नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "कॅमेऱ्याकडे."

"दक्षिणेला आहेत. जित्याजागत्या पोराला दक्षिणेकडे पाय करून निजवायचं नाही माझ्या घरात."

"आत्या, तो मेलाय!"

"तो तुझ्या सिनेमात. इथं त्याच्या आईला मी काय सांगू?"

त्यावर उत्तर नव्हतं. मला उलटं फिरवलं. त्याबरोबर हॅलोजन फिरले, थर्मोकोल फिरले, गोधड्या या खिडकीवरून त्या खिडकीवर गेल्या. यात दोन तास गेले. पण त्याआधी उंबऱ्यातून घेतलेला एक शॉट तसाच राहिला. दोन माणसांमधली एक रेघ मनात धरून कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो, नाहीतर बघणाऱ्याला दिशा कळत नाहीत, हा नियम दिग्दर्शकानं आम्हाला फळ्यावर काढून शिकवला होता. त्या शॉटमध्ये गुप्तहेर प्रेताच्या डोक्याशी बसतो आणि पुढच्याच शॉटमध्ये पायांशी उठतो. पुढे एका समीक्षक मित्रानं याचा अर्थ 'अस्तित्वाची उलथापालथ' असा लावला. आम्ही मान डोलावली.

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरची मुलगी काहीतरी द्यायला आली आणि घाईत मला ओलांडून गेली. आत्या कडाडली, "ओलांडू नको गं, उंची खुंटते त्याची! परत ये उलटी." मुलगी निमूटपणे उलटी ओलांडून गेली. कॅमेरा चालू होता.

आता रक्ताविषयी. हिचकॉकनं 'सायको'त (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाला चॉकलेटचं सरबत वापरलं. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे भागलं. आमचा रंगीत. नुसता खाण्याचा लाल रंग पाण्यात घातला तर ते रूह अफजासारखं दिसतं, म्हणून घट्टपणासाठी पाक आणि गुलाबी झाक मारायला थोडी कॉफी, असं ठरलं. पाकाचं नाव निघाल्याबरोबर सूत्रं आत्याकडे गेली.

"एकतारी की दोनतारी?"

दिग्दर्शकानं मोबाइलवर काहीतरी शोधायचा प्रयत्न केला. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच परदेशी पुस्तकात नाही. शेवटी तो म्हणाला, "ओघळ सावकाश यायला हवा. दाट कर."

"एकतारीच बरा. दोनतारी धरून बसेल."

"दोनतारीच."

दोनतारीनं काय केलं ते मला विचारा. गरम होता तोवर ओघळ अगदी सुरेख आला. मान, कॉलर, तिथून फरशी. कॅमेरावाल्यानं क्लोजअप घेतला. आणि मग पाक निवला. मानेवर त्याची चिक्की झाली. मान वळवली की केस ओढले जायचे, म्हणून मी मान वळवणंच बंद केलं, आणि सगळे म्हणाले, आता अभिनयात सुधारणा आहे. दहा मिनिटांत पहिली मुंगी आली. काळी, मोठी, एकटी. तिनं पाहणी केली आणि ती परत गेली. पाच मिनिटांत ती बिऱ्हाडासकट आली.

पंखा बंद, कारण आवाज येतो आणि प्रेताचे केस उडतात. ऑगस्ट महिना, हौदात पावसाचं साचलेलं पाणी, आणि डास. श्वास तर घ्यायचाच नाही. "पूर्ण सोड, मग थांब," अशी सूचना होती. छाती भरून थांबलं तर गळ्याची शीर दिसते, रिकामं करून थांबलं तर जेमतेम पंचवीस सेकंद निघतात. विसाव्या सेकंदाला कपाळावर डास बसला. मी भुवई हलवली. "कट! प्रेताला डास चावत नाहीत!" दिग्दर्शक ओरडला. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच असावं. पण ही माहिती त्या डासाला कुणी दिली नव्हती.

उरलेल्या रक्तात आत्यानं भाजलेला रवा घातला. दुसऱ्या रविवारी युनिटला लाल लाडू मिळाले. कॉफीचा किंचित वास होता. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले.

त्याच रविवारी गुप्तहेर गुळगुळीत दाढी करून आला. गुरुवारी कॅम्पस इंटरव्ह्यू होता. पहिल्या आठवड्यात त्याला आठ दिवसांची भरघोस दाढी होती आणि पटकथेप्रमाणे मधे फक्त चार तास गेले होते. एका पात्राच्या तोंडी "वेश बदललास वाटतं?" असं वाक्य घालून प्रश्न मिटवला. नोलनचे नट वर्षभर एकाच केशरचनेत कसे राहिले असतील, हे मला आजही थरारक वाटतं. त्याला नोकरी लागली, पुढच्या रविवारी तो पेढे घेऊन आला. प्रेताला भरवला.

खुनाचं हत्यार म्हणजे आत्याची भाजीची सुरी. बारा वाजले की ती सुरी परत द्यावी लागे. आत्या अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर वाढलेली. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' तिनं १९६४ साली नवा असताना पाहिलेला. तिनं पटकथा मागितली, तिसऱ्या पानावर चष्मा काढला आणि म्हणाली, "चष्मेवाल्यानं मारलंय. इतक्या लवकर त्याला चहा कशाला पाजलात?" संध्याकाळपर्यंत ही बातमी पाचही बिऱ्हाडांत पोचली. 'सायको' लागला तेव्हा हिचकॉकनं सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, असा नियम केला होता. आमच्याकडे दूधवालासुद्धा चष्मेवाल्या नटाला बघून "काय खुनी, बरं आहे ना?" म्हणायचा.

आवाजाचं प्रकरण सगळ्यात अवघड. कॅमेऱ्याचा आवाज वाईट म्हणून रेकॉर्डर वेगळा, आणि दोन्ही जुळवायला प्रत्येक शॉटच्या आधी टाळी. प्रत्येक जागेची नुसती शांतताही एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी लागते. संकलनात दोन संवादांमधली भोकं त्या शांततेनं बुजवतात. एक मिनिट शांतता! सकाळी घंटागाडी. मग कुकर, पाच घरांचे, पाच वेगळ्या वेळांना. दुपारी "भंगाऽऽर". संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की पेठांमध्ये शांतता हा शब्दच उरत नाही. तीन रविवार प्रयत्न करून आम्हाला सलग २२ सेकंद मिळाले. त्यातही अठराव्या सेकंदाला लांब कुठेतरी पातेल्यावर झाकणी पडते. तेच २२ सेकंद पुन्हापुन्हा जोडून पूर्ण सिनेमा भरला आहे. लक्षपूर्वक ऐकलंत तर आमच्या अख्ख्या थरारपटात दर २२ सेकंदांनी कुणीतरी दूध झाकतंय.

संकलन एका मित्राच्या खोलीवर. संगणक इतका हळू की एक मिनिटाचा प्रसंग तयार व्हायला लावून आम्ही जेवून यायचो. तिथं, मोठ्या पडद्यावर, भयंकर सत्य बाहेर आलं. प्रेताचं पोट हलत होतं. सगळ्यात लांब शॉट, गुप्तहेर माझ्या बाजूला बसून दीड मिनिट तर्क करतो, आणि खाली माझं पोट संथ लयीत वर-खाली. पुन्हा शूटिंगला पैसे नव्हते. संकलकानं तोड काढली. पोटाचा तेवढाच तुकडा एका चित्रातून कापला आणि त्याच जागी दीड मिनिट गोठवून ठेवला. काम बेमालूम झालं. मी शेवटी मेलो. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पहिला खेळ वाड्याच्या चौकात झाला. दोरीवर पांढरी चादर, कुणाच्या तरी क्लासचा प्रोजेक्टर, पायऱ्यांवर पाच बिऱ्हाडं आणि त्यांचे पाहुणे. आईही आली होती. मी पडद्यावर पडल्यापडल्या आत्या आत गेली आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आली. अंधारातच माझी दृष्ट काढली. सिनेमा पुढे सरकला. चष्मेवाला उघडा पडला, हूं नाही की चूं नाही. शेवटची पाटी आली, दिवे लागले. टाळ्या वाजल्या, पण अशा, की लोक मनात दुसराच काहीतरी विचार करतायत.

तळमजल्यावरचा दुसरीतला मुलगा उठून उभा राहिला. "काका, ती मुंगी कुठे गेली?"

"कुठली मुंगी?"

"ती काळी. शर्टावरून चालत होती. पोटाजवळ आली आणि नाहीशीच झाली."

"मीपण पाहिली," जिन्यावरून कुणीतरी म्हणालं. "मला वाटलं, आता पुढे काहीतरी निघणार यातून."

प्रसंग परत लावला. खरंच. मुंगी कॉलरवरून निघते, खिशाला वळसा घालते, ठाम पावलांनी पोटाकडे येते आणि जिथं गोठवलेला तुकडा सुरू होतो, तिथं नुसती पुसली जाते. पुन्हा लावला. मग सावकाश लावला. सगळे चादरीजवळ येऊन उभे राहिले. इतकं चिडीचूप मी तो चौक कधीच पाहिला नव्हता. रेकॉर्डर आणला असता तर मिनिटभराची शांतता सहज मिळाली असती. दिग्दर्शक "ते तांत्रिक कारण आहे" असं काहीतरी पुटपुटत होता, पण त्याचं कुणी ऐकेना. एकजण म्हणाला बटणाच्या फटीतून आत गेली, दुसरा म्हणाला बाहेर पडताना दिसायला हवी.

चौथ्यांदा लावल्यावर आत्यानं चष्मा काढून पदराला पुसला.

"शर्टाच्या आत उतरलीय आणि अडकलीय. दोनतारी पाकात मुंगीचा पाय सुटत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, एकतारी करा."