नायगावच्या पुलावरून पिशवी सोडणाऱ्या भाविकास

प्रिय भाविक प्रवासी,


भाईंदर सुटलं की आपण लोकलच्या दारात येता, पूल लागला की पिशवी कपाळाला लावता आणि खाडीत सोडता. आत झेंडू, दुर्वा, अगरबत्तीचं रिकामं पाकीट, कधी फ्रेमसकट देव. वर घट्ट गाठ, निर्माल्य वाटेत सांडू नये म्हणून. आम्हा नायगावकरांचा ऊर भरून येतो.

राज्यात २०१८पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे म्हणे. असेना! कायदा माणसांसाठी, आपलं काम देवाचं. ऊन, भरती-ओहोटी आणि तिवरांची मुळं त्या पिशवीचे तुकडे करतात. तुकडा पाच मिलिमीटरच्या आत आला की तो मायक्रोप्लास्टिक.

आता यात जलचरांना धोका किती? शास्त्रज्ञांचं गणित असं: पाण्यात सापडलेलं प्रमाण भागिले अपाय न करणारं प्रमाण. उत्तर एकाच्या वर गेलं की चिंता. आपलं नशीब थोर, दोन्ही आकड्यांत पळवाट आहे. नमुने घ्यायला बरेचदा साधारण एक तृतीयांश मिलिमीटर आसाचं जाळं वापरतात. त्याहून बारीक माल निसटतो. अपायाचा आकडा येतो प्रयोगशाळेतून, आणि तिथे पुष्कळदा कोरे, गोल, गुळगुळीत मणी वापरलेले असतात. आमच्या खाडीत मणी कुठले? फाटके पापुद्रे आणि धागे, वर शेवाळाची साय. ते जड होऊन तळाला बसतात, आणि वरवरचं पाणी गाळणारा लिहितो, प्रमाण कमी आहे.

निवटी या मासळीला हा अहवाल कोणी वाचून दाखवलेला नाही. ओहोटीला ती चिखलावर येते, मान डावी-उजवीकडे हलवत वरचा शेवाळाचा थर खरवडून खाते. पापुद्रा वेगळा काढायची सोय तिच्या तोंडात नाही. शिंपल्या तर पाणी गाळूनच जगतात. पोटात प्लास्टिक गेलं की अन्नाला तेवढी जागा कमी. वाढ आणि वीण दोन्हींवर त्याचा परिणाम होऊ शकतो, विष वेगळं मोजायलाच नको. (आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. आमचं मासेमारीचं डोलीचं जाळं आता प्लास्टिकच्या धाग्याचं असतं आणि तेही झिजतं.)

बोंबील जवळा खातो. बोंबलाचं पोट आपण साफ करता. पण सुका जवळा परतताना त्याचं पोट कोण काढतं? आपल्या पिशवीचा प्रसाद परत मिळण्याची ही सोपी वाट.

तरी एक विनंती. फुलं घरच्या कुंडीत घाला, पिशवी खिशात ठेवा.

आपला,
एक नायगावकर

ता. क. नारळाचं मायक्रोप्लास्टिक होत नाही, तो अख्खाच खाली येतो. पुलाच्या कडेने पाणजू बेटावरची माणसं चालत असतात. फेकू नका.