टॉवर उभा, रेंज आडवी

मोबाइल कंपनी तीन निकषांवर निवडतात: रेंज, भरवसा, डेटा. रेंजचे नकाशे दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार कंपन्याच प्रसिद्ध करतात. त्यामुळे त्यांत उणीव सहसा दिसत नाही. बारामती-इंदापूरकडे खरी मोजणी पाण्याच्या टाकीवर चढून, हात उंचावून होते. भरवसा विजेवर अवलंबून. टॉवरची बॅटरी उतरली की जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल एका रांगेत येतात. बहुतेक प्लॅनांत रोजचा न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. डेटा आता शेतालाही लागतो: उसाला पाणी कधी द्यावे, हे बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्ता मोबाइलवर सांगते. ऊस तोवर रेंजची वाट पाहतो. वैतागलेल्या ग्राहकाला २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येते. त्यासाठी १९०० वर एसएमएस करावा लागतो, आणि तो जायला जुन्याच कंपनीची रेंज लागते.