स्थळ फुकट, नंबर विकत

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर एक वरात चालून गेली. डोक्याला बाशिंग, खाली घोडा, पुढे वाजंत्री. फक्त नवरी नव्हती. ज्योती क्रांती परिषदेच्या या ‘नवरदेव मोर्चा’तल्या लग्नाळूंचं म्हणणं होतं की सरकारने मुली शोधून द्याव्यात, निदान गर्भलिंगनिदानाचा कायदा तरी कडक राबवावा. लोक हसले. २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये तर ८०७. त्या हजारांतल्या थोरल्यांना आता मिसरूड फुटलंय. घोड्याचं भाडं वाढणार.

बाजाराला हे मोर्चाआधीच कळलं होतं. मॅट्रिमोनी डॉट कॉमने २०२१ मध्ये पदवी नसलेल्यांसाठी ‘जोडी’ नावाचं वेगळं ॲप काढलं. श्रीमंतांसाठी याच कंपनीचं ‘एलिट मॅट्रिमोनी’ आधीपासून आहेच. म्हणजे शिवनेरी वेगळी, लाल परी वेगळी. सिंगापूर सरकारने तर १९८४-८५ मध्येच पदवीधरांची लग्नं जुळवायला एक खातं आणि बाकीच्यांसाठी दुसरं काढलं होतं. ही दोन खाती एकत्र नांदायला २००९ उजाडलं.

या ॲपांवरच्या स्वस्ताईचा हिशेब साधारण असा असतो. नाव नोंदवणं फुकट, फोटो टाकणं फुकट, ‘इंटरेस्ट’ पाठवणंही फुकट. मुलीकडच्यांचा नंबर हवा असेल तर पॅकेज घ्या. दोन एकर कोरडवाहूचा धनी कांद्याची पट्टी हातात पडली की तीन महिन्यांचं पॅकेज घेतो आणि रात्री रेंज येते त्या बांधावर बसून स्थळं चाळतो. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात मात्र अडतो. पाऊस झाला तर एक आकडा, नाही झाला तर वजा. आणि वजाचं चिन्ह तो रकाना घेत नाही. पलीकडे मुलीच्या वडिलांनी ‘नोकरी, पाच लाखांच्या वर, पुण्यात फ्लॅट’ अशी चाळण लावून ठेवलेली. पॅकेजवर दिवाळीत सूट मिळते, या चाळणीवर मिळत नाही. त्या बापाला तरी काय बोलावं? तोही शेतकरीच, शेतीत काय उरतं ते त्याला पाठ आहे.

पॅकेज संपतं. मग तोच गडी एजंटाच्या हातावर लाख-दीड लाख ठेवतो. देवळात लग्न, मुलीचे मामा-मावशी एजंटानेच आणलेले, आणि आठवडाभरात नवरी दागिन्यांसकट पसार. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या जिल्हा पुरवण्यांत नेमाने येतात. सगळ्यांत महाग स्थळ गरिबालाच पडतं, आणि त्याची पावतीही मिळत नाही.

राज्य सरकार पैसे देतं, पण लग्न झाल्यावर: आंतरजातीय विवाहाला ५० हजार, सामूहिक विवाहाला अनुदान. ठरेपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने बघायचा. टोकियोच्या महानगर सरकारने मात्र २०२४ मध्ये स्वतःचंच ॲप काढलं. दोन वर्षांची फी ११ हजार येन, म्हणजे साधारण सहा हजार रुपये. सोबत अविवाहित असल्याचा दाखला, मुलाखत आणि उत्पन्नाचा पुरावा.

आपल्याकडे ही योजना आणायला अडचण नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरोघरी ट्रंकेत असतोच, तोही शिष्यवृत्तीसाठी हात आखडता घेऊन लिहिलेला. तो जोडला की फी माफ. फक्त मुलीकडच्यांना तो दिसू नये, एवढी सोय हवी. आणि त्यासाठी प्रीमियम पॅकेज निघेलच.